पांदणीतली तीनचाकी

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, फोटोत तुझ्या मागे ते लाल काय आहे. तुमच्या बाबांनी घाईघाईने "आजोबांचं खेळणं" असं सांगून विषय संपवला. खेळणं नाही ते. तुमच्या आवाजावरून मला कळलंच की इथे आल्या आल्या तुम्हाला ते चालवायचं आहे. म्हणून ते कसं चालवतात आणि या वयात मी ते का शिकले, हे एकदा नीट लिहून काढते. घाईत सांगण्यासारखं नाही.

आधी ते काय आहे ते. तीन चाकं आहेत, पण रिक्षाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे एक, मागे दोन, आणि टायर उशीसारखे फुगीर. बसायचं मोटारसायकलसारखं, दोन्हीकडे पाय टाकून. वर छप्पर नाही. डांबरी रस्त्यासाठी ते बनलेलंच नाही. वाळू, चिखल, ढेकळं, जिथे बाकीच्या गाड्या हात टेकतात तिथे ते चालतं. आजोबा हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होते हे तुम्हाला माहीत आहे. कुठल्याशा खाणीत सर्वेक्षणासाठी परदेशातून आणलेलं हे यंत्र भंगारात निघालं आणि ते त्यांच्या दृष्टीस पडलं. वर्षभर रविवार घालवून त्यांनी ते चालू केलं. त्याचा कार्बुरेटर एका मोटारसायकलचा आहे, दिवा दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा, आणि बसायची गादी आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या कारागिराने शिवलेली. गावातली पोरं त्याला बेडकी म्हणतात. मी तीनचाकी म्हणते.

आपली संत्र्याची बाग हिंगण्याच्या बरीच पलीकडे आहे. गावापर्यंत मोटार जाते. तिथून पुढे पांदण आहे, म्हणजे शेतांच्या मधून गेलेली, दोन्ही बाजूंना धुरे, म्हणजे बांध, असलेली गाडीवाट. माती काळी. उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल इतक्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेसकट पाय ओढून घेते. वाटेत एक नाला आहे. एकदम उतार, तळाशी आखूड वळण, आणि वळण संपायच्या आत चढ. मोटार तिथे नेण्याचा प्रश्नच नाही. आजोबा तीनचाकीवर जायचे आणि मी, गुडघे चांगले होते तोवर, चालत.

मी आधीच पोहोचून विहिरीजवळच्या ओट्यावर बसलेली असायची. दुरून त्यांचा आवाज यायचा. उतारावर तो आवाज खाली बसायचा, तळाशी क्षणभर जवळजवळ नाहीसाच व्हायचा, मग दोनदा ठसकल्यासारखा होऊन वर चढायचा. तो ठसका ऐकला की मी चहाचं पाणी ठेवायची. इतक्या वर्षांत तीनचाकीचा आणि माझा संबंध एवढाच.

ते गेले ते इथे धरमपेठेत, हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. त्याबद्दल तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं. घरात बसले की मला वाटायचं, ते बागेत गेलेत, संध्याकाळी येतील. बागेत गेले की वाटायचं, घरी असतील. असं दोन्हीकडे चालायचं. फरक इतकाच की बागेत निदान हाताला काम होतं. घरात मी फक्त वाट पाहायची, आणि कशाची ते मला माहीत असूनही पाहायची.

तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ गावातच राहतात. त्यांची स्वतःची कपाशी आणि तूर आहे. ते वर्षश्राद्धानंतर एकदा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, बाग ठेक्यानं देऊन टाकू. ठेकेदार सगळं पाह्यते. तुमाले त्रास नाही."

"त्रास कसला?" मी म्हटलं.

"पावसाळ्यात फळाले गळ लागते. रोज कोण पाहीन? सालदार हाय, पण बाग सालदारावर सोडून टिकत नसते. मले माह्या वावरातून डोकं वर काढाले फुरसत नाही. अन् तुमचे गुडघे असे."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतातच राहणारा माणूस. आपल्या बागेत तो आणि त्याची बायको गेली कित्येक वर्षं राहतात. माणसं चांगली आहेत, पण भाऊजी म्हणाले ते खरं होतं. फळगळ सुरू झाली की रोज झाडाखाली वाकून पाहावं लागतं, त्याच दिवशी ठरवावं लागतं. फोनवर फोटो पाहून ते होत नाही. आणि ठेकेदार बाग कशी ठेवतात हे मी शेजारच्या वावरात पाहिलं होतं. दोन वर्षांत झाडं पिळून घेतलेल्या कपड्यासारखी होतात.

मी म्हटलं, "मी येत जाईन. तीनचाकीवर."

भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "दादानं मले कधी हात नाही लावू देला तिले! अन् तुमी? चष्मा सांभाळान का हँडल?"

"दोन्ही."

हसण्याचं काही राहिलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "असं करू. पोळ्याच्या आत, पावसात, पूर्ण पांदण एकट्यानं पार करून इथं येऊन दाखवा. आल्या, तर ठेक्याचं नाव मी घेणार नाही. नाही आल्या, तर मी सांगन तसं."

मी हो म्हटलं. बाग राहणार की जाणार हे त्या एका गोष्टीवर ठरलं.

शिकायला सुरुवात केली ती उन्हाळ्यात, तूर निघालेल्या मोकळ्या वावरात. सालदाराने यंत्र शेडमधून ढकलत आणलं, पुसलं, पेट्रोल भरलं. सुरू व्हायला यंत्राने बराच वेळ घेतला. जेव्हा सुरू झालं तेव्हा तो बाजूला झाला आणि आम्ही तिघंही, मी, तो आणि त्याची बायको, ते ऐकत उभे राहिलो. मग मी बसले.

पहिली अडचण अंगठ्याची. मी शाळेत शिकवायला वर्षानुवर्षं मोपेडवर गेले. त्या गाडीला वेग द्यायला मूठ पिरगाळायची असते. तीनचाकीला मूठ पिरगाळून काहीच होत नाही. मुठीखाली एक छोटा खटका असतो, तो अंगठ्याने ढकलायचा. मला हे माहीत होतं, पण माझ्या मनगटाला माहीत नव्हतं. मी पिरगाळत राहिले आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली.

सालदाराची बायको पदराने तोंड दाबून हसत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाई, तुमी तं तिचा कान पिळून राहिल्या जी! शाळेतलं पोट्टं हाय काय थे?"

दुसरी अडचण पायाची, आणि ही तुम्ही दोघांनी नीट वाचा. दोन चाकांची गाडी थांबली, डगमगली, की आपण पाय खाली टेकतो. सगळं नागपूर सिग्नलला एक पाय टेकून उभं असतं. शरीराला ती सवयच लागलेली असते. तीनचाकीवर पाय टेकायची गरज नसते, ती तशी उभी राहते, पण शरीराला ते पटत नाही. गाडी जरा कलली की पाय खाली जातो, गाडी पुढे चालतच असते, आणि मागचं चाक आपल्याच पोटरीवर चढतं. खूप वर्षांपूर्वी आजोबांनी मला एकदा गंमत म्हणून तिच्यावर बसवलं होतं. मी लगेच पाय टेकला आणि ते ओरडले, "पाय वर, मास्तरीणबाई! ती पडत नाही, तू पाडतेस!" तेव्हा मी रागावून उतरले होते.

म्हणून पहिले काही दिवस मी नुसतं तेवढंच केलं. गाडी अगदी हळू सोडायची, मुद्दाम ढेकळावर घालायची, ती कलली की तळपाय पायरीवर, म्हणजे फूटरेस्टवर, दाबून धरायचे. कंटाळवाणं होतं. पण जे कंटाळा येईपर्यंत करतो तेच वेळेवर आठवतं, असं मी आयुष्यभर वर्गात पाहिलं आहे.

वळणं मात्र येईनात. हँडल वळवलं की पुढचं चाक मातीत घासत सरळच जायचं, जणू मी वळवलंच नाही. कारण असं की मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली आहेत. ती नेहमी सारखीच फिरतात. वळताना आतल्या चाकाने कमी फिरायला हवं, ते त्याला जमत नाही, म्हणून गाडी वळायला नकार देते. हे मला कागदावर आकृती काढून समजलं. पण समजून गाडी वळली नाही.

मी सालदाराला विचारलं, "साहेब कसे वळवत?"

त्याला सांगता येईना. मग तो जमिनीवरच पाय फाकवून उभा राहिला, हात पुढे धरले, उजव्या पायावर भार टाकला आणि कमरेपासून डावीकडे झुकला. "असे," तो म्हणाला. "जसं बाजूच्याच्या कानात काही सांगून राहिले."

तो तसा उभा होता तेव्हा मला त्याच्याकडे पाहवेना. उभं राहण्याची ती ढब त्याची नव्हती.

मी बसले आणि तसं केलं. डावीकडे वळायचं तर भार उजव्या पायरीवर, अंग डावीकडे. आतलं चाक हलकं झालं, थोडं घसरलं, आणि गाडी वळली. उजवीकडे उलट. पण भार जिथे द्यायचा ती जागाही नेमकी असावी लागते. माझा पाय पायरीच्या मधोमध असायचा आणि तिथून जोर लागत नव्हता. खाली पाहिलं तर पायऱ्यांचं रबर मधोमध अजून खरखरीत होतं आणि बाहेरच्या कडेला घासून पार गुळगुळीत झालेलं. दोन्हीकडे सारखंच. मी पाय त्या गुळगुळीत जागी सरकवले. त्यानंतर गाडीने मला कधी नकार दिला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बराच वेळ पाय धूत होते. का ते सांगता येत नाही.

याच सुमारास भाऊजींनी मला पाडलं. म्हणजे त्यांचा हेतू चांगलाच होता. माझी काळजी वाटून त्यांनी माझ्या नकळत गावातल्या सायकलवाल्याकडून तिन्ही टायरांत हवा भरून घेतली, अगदी दगडासारखी. आपल्याकडे मऊ टायर म्हणजे पंक्चर, टणक टायर म्हणजे सुरक्षित, हे सगळ्यांना पाठ असतं. मी नेहमीच्या वेगाने ढेकळांत शिरले आणि गाडी चेंडूसारखी उडाली. मी कापलेल्या तुरीच्या बुडख्यांत जाऊन बसले. कोपर सोललं, चष्मा मात्र नाकावरच राहिला.

भाऊजी धावत आले. "वैनी! लागलं का? म्या तं हवा एकदम टाईट भरून देली होती!"

"तुम्ही भरलीत?"

"तुमच्यासाठीच तं!"

मी तिथे बसूनच हसायला लागले, मग तेही. या टायरांत हवा इतकी कमी ठेवायची असते की तळहाताने दाबलं तर रबर आत जावं. त्या मऊपणामुळेच ती ढेकूळ गिळते. आजोबा निघण्यापूर्वी तिन्ही टायर दाबून पाहायचे, हे भाऊजींनी कितीदा पाहिलं होतं. त्यांना वाटायचं दादा लाडाने थोपटतात. त्यांनी स्वतः बसून हवा काढली. मग एकेक टायर दाबून पाहिला, आणि शेवटच्या टायरवर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला.

पाऊस लागला आणि शिकणं पांदणीत आलं. नाल्यापर्यंत जायचं, परत फिरायचं. नाला अजून पार केला नव्हता. पाऊस उघडला की सालदार मला बैलगाडीतून बागेत न्यायचा. तिथल्या आतल्या वाटांवर मात्र मी रोज चालवायची आणि हळूहळू मला ते येऊ लागलं. अंगठा आपोआप चालू लागला. वळणाआधी अंग आधीच झुकू लागलं. आणि तेव्हा ती गोष्ट सुरू झाली.

एका सकाळी मी झाडांच्या पलीकडच्या ओळीतून येत होते. सालदाराची बायको निंदण करत होती. आवाज ऐकून ती उठली, पदर कपाळाखाली ओढला आणि झाडाकडे तोंड करून उभी राहिली. मी जवळून गेले तरी ती वळली नाही. मला वाटलं माझी थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी गाडी बंद करून विचारलं, "काय गं, माझ्यापासून तोंड लपवतेस?"

तिने पदर मागे सारला. ती ओशाळली होती. "नाही जी. तुमच्यापासून काहून लपवीन?"

"मग?"

"आवाज आला की हात आपोआप जाते. साहेब येत तवाची सवय हाय."

ती नवी नवरी म्हणून या बागेत आली तेव्हापासून आजोबांना सासऱ्याच्या जागी मानत होती. गावाकडे घरातल्या मोठ्या माणसासमोर बायका पदर घेतात, तोंड फिरवतात, तसं ती त्यांच्यासमोर करायची. आजोबांना ते आवडत नसे, त्यांनी तिला कितीदा सांगितलं होतं. ती ऐकत नसे.

"पण उन्हाळ्यात तर तू माझ्यासमोर हसत उभी राहायचीस," मी म्हटलं.

"तवा तुमी वाईट चालवत होत्या जी," ती साधेपणाने म्हणाली.

ते वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. मी जितकी चांगली शिकले तितकी मी तिथून नाहीशी होत होते. करून पाहण्यासाठी एक दिवस मी मुद्दाम वाईट चालवलं. खटका एकदम दाबला, एकदम सोडला, गाडीला हिसके दिले. ती लगेच खुरपं टाकून हसायला लागली. "आज काय झालं वं बाई तुमाले?" पदर खांद्यावरच. दुसऱ्या दिवशी नीट चालवलं आणि ती झाडाकडे वळली.

वाईट चालवत राहिले असते तर तिच्यासाठी मी मीच राहिले असते. पण वाईट चालवून नाला पार होत नाही, आणि नाला पार झाल्याशिवाय बाग राहत नाही.

मला स्वतःलाही काय होत होतं तेही लिहायला हवं. ज्या आवाजाची मी ओट्यावर बसून वाट पाहायची तो आवाज परत आला होता. पांदणीत, बागेत, रोज. सालदाराच्या बायकोला तो ऐकू येत होता, गावात भाऊजींना येत होता. मला येत नव्हता, कारण मी त्याच्या आत बसलेली होते. ज्याला तो ऐकायचा होता त्यालाच तो दुरून ऐकू येईना. कधी वाटायचं, गाडी तशीच चालती सोडून पळत ओट्यावर जाऊन बसावं. वेड्यासारखा विचार आहे हे मला कळत होतं.

पोळा जवळ आला. संततधार चार दिवस लागून राहिली. भाऊजींचा निरोप आला की हाच पाऊस, आता नाही तर नाहीच. त्यांना टाळायचं नव्हतं आणि मलाही नव्हतं. बागेत गळ सुरू झाल्याचं सालदाराने कळवलं होतं.

संततधार लागण्याआधीच सालदाराने तीनचाकी बैलजोडीने ओढून गावात आणून ठेवली होती. मी गावातून एकटी निघाले. भाऊजी आधीच चालत पुढे गेले होते, नाल्याच्या पलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभे राहणार होते. ओल्या काळ्या मातीत एकच नियम: थांबायचं नाही. थांबलं की माती चाकांना लपेटून चाकांचे गोळे करते. वाटेच्या मधल्या चिखलात न जाता धुऱ्यालगतच्या गवतावर चाकं ठेवायची, कारण गवताची मुळं माती धरून ठेवतात. अंगठा एकसारखा, कमी नाही जास्त नाही. मी तसं करत नाल्यापर्यंत आले.

उतारावर बसण्याच्या जागेवर मागे सरकायचं, हात लांब करायचे, गिअर लहान, आणि पुढचा ब्रेक विसरायचा. तो दाबला तर पुढचं चाक जागीच घसरून गाडी आडवी होते. मी मागे सरकले. गाडी खाली उतरू लागली. तळाशी पाणी होतं, फार नाही, पण खालचा चिखल दिसत नव्हता.

वळणावर मागची चाकं घसरली. नुसती घसरली असती तर ठीक, ती घसरावीच लागतात. पण ती घसरून बाजूच्या मऊ खड्ड्यात गेली आणि गाडी डावीकडे कलली. फार कलली. माझा डावा पाय पायरीवरून उचलला गेला. मला स्पष्ट आठवतं, बुटाखालची पायरी नाहीशी झाली आणि मला त्या पायाने जमीन हवी होती. खाली चिखल होता आणि मागून चाक येत होतं.

पाय खाली गेला नाही. तो मी थांबवला असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं आठवत नाही. मला आठवतं ते इतकंच की पाय परत पायरीच्या कडेवर होता, भार उजवीकडे गेलेला होता, अंग झुकलेलं होतं, आणि हे सगळं झाल्यानंतर मला भीती वाटली. आधी नाही. आधी मला काहीच वाटलं नाही. तेवढ्या वेळापुरतं चालवणारं माणूस कोण होतं, ते मला विचारू नका.

गाडीने दोनदा ठसका दिला आणि चढायला लागली. चढावर पुढे सरकायचं असतं, वजन पुढच्या चाकावर यावं म्हणून. नाही सरकलं तर पुढचं चाक वर उचललं जातं आणि गाडी मागे कोसळते. मी सरकले, जवळजवळ टाकीवर ओणवी झाले, अंगठा सोडला नाही. आणि वर आले.

भाऊजी काठावर उभे होते. छत्री हातात होती, पण खाली, उलटी, आणि तिच्यात पाणी साचत होतं. ते पूर्ण भिजले होते. त्यांच्या मागे बाभळीपाशी सालदाराची बायको पदर पुढे ओढून, आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"दादा," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "वैनी."

मी इंजिन बंद केलं. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. मी सालदाराच्या बायकोला हाक मारली. "अगं, इकडे बघ. मी आहे."

ती वळली, पण पदर तसाच ठेवला. "दिसते मले, बाई. तुमीच आहा."

"मग पदर कशाला?"

"तेही येतात ना जी संगं."

"काय बोलून राहिली वं तू!" भाऊजी तिच्यावर ओरडले. पण त्या ओरडण्यात दम नव्हता, आणि ओरडून झाल्यावर त्यांनी गाडीकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

बागेपर्यंत मी गाडी अगदी हळू घेतली आणि ती दोघं बाजूने चालली. आत गेल्यावर आम्ही कामालाच लागलो. झाडांखाली हिरवी, लहान फळं पडली होती. वाकून उचलली, कापून पाहिली, देठापाशी तपकिरी होती. खोडांभोवती पाणी साचलं होतं. ते आधी काढून द्यायचं ठरलं. सालदार फावडं घेऊन चर खणू लागला, भाऊजीही धोतर खोचून उतरले. अर्ध्या बागेतलं पाणी उतरलं तेव्हा दुपार झाली होती.

चहा घेताना भाऊजी म्हणाले, "ठेक्याचं नाव घेणार नाही मी. बोललो ते बोललो."

"बरं."

"रोज येसान?"

"गळ थांबेपर्यंत रोज."

"एक सांगणार होतो," ते म्हणाले. "पावसात एकट्या येत जाऊ नका, म्हणणार होतो." त्यांनी कप खाली ठेवला. शेडच्या बाहेर तीनचाकी पावसात उभी होती. "जाऊ द्या. काही नाही."

निघताना मी म्हटलं, थांबा, पाऊस कमी झाला की सोबत जाऊ. ते म्हणाले, मी पायीच येतो, तुमी व्हा पुढं. पूर्वी आजोबा निघाले की ते नेहमी हेच म्हणायचे.

नाल्यापर्यंत आले. आता उतार इकडून होता आणि चढ पलीकडे. वळण या वेळी सुरळीत पार झालं, काहीच घडलं नाही. चढ लागला तशी मी पुढे सरकले. तीनचाकी एकाच माणसाची असते, हे तुम्ही लक्षात ठेवा. मागे कोणी बसायचं नसतं, वजन मागे गेलं की पुढचं चाक जमीन सोडतं. तुम्ही कितीही हट्ट केलात तरी मी तुम्हाला मागे बसवणार नाही. आधी अंगठा, मग पाय, मग वळण, मोकळ्या वावरात, एकेक.

पण त्या दिवशी मी चढावर सरकायला हवं होतं त्याहून जास्त पुढे सरकले. गुडघे टाकीला लागले. वर आल्यावर, पांदण सपाट झाली तेव्हा, परत मागे यायला हवं होतं, नियम तसाच आहे. मी आले नाही. तशीच पुढे, अवघडून, टाकीला चिकटून बसले, आणि गाव येईपर्यंत तशीच बसून राहिले.